पाण्याखाली रिळावरून केबल कशी सुटते: गणित, मांडणी आणि चाचणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याखालचा कॅमेरा असो, धरणाची भिंत पाहणारं छोटं वाहन असो किंवा विहिरीत सोडायचा सेन्सर असो, केबल रिळावरून नीट सुटली नाही तर बाकी सगळं चांगलं असूनही काम अडतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थी-संघांकडून, नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून आणि विहिरी-शेततळ्यांवर काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

हिशेबासाठी सगळीकडे एकच नमुना केबल धरली आहे. तिचा बाहेरचा व्यास ४ मिमी, हवेतलं वजन मीटरला १४ ग्रॅम, वाकण्याचा ताठरपणा ०.०१ न्यूटन-मीटर वर्ग आणि पिळाचा ताठरपणा ०.००७ न्यूटन-मीटर वर्ग. रिळाची त्रिज्या १० सेंमी, लांबी १०० मीटर. तुमच्या केबलचे आकडे वेगळे असतील, ते कसे काढायचे हे प्रश्न ५ मध्ये आहे.

१. रिळावरून केबल सुटते, ती सुटणारच. त्यात तपासण्यासारखं काय आहे?

केबल दोन प्रकारे वाया जाते. एक, जास्त ओढली जाऊन तुटते. दोन, ढिली पडते, पीळ एका जागी जमतो, त्याचा फास होतो आणि पुढच्या झटक्याला तो फास आवळून किंक, म्हणजे कायमचा मोड, बनते. लोक पहिल्याची काळजी घेतात, पण छोट्या वाहनांच्या केबली बहुतेक दुसऱ्या प्रकारे मरतात. म्हणून चाचणीत तीन गोष्टी शोधायच्या असतात: वेगानुसार ताण किती वाढतो, ताण सर्वांत कमी कुठे आणि कधी होतो, आणि सुटलेल्या केबलमध्ये मीटरमागे किती पीळ राहतो. सरासरी ताण हा या तिन्हींतला कुठलाच आकडा नाही. अहवालात मात्र नेमका तोच लिहिलेला सापडतो.

जास्त ताणाचा धोकाही खोटा नाही. १८५७ साली अटलांटिकमध्ये तारायंत्राची केबल टाकताना जहाजावरचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त आवळला गेला आणि केबल तुटून समुद्रात गेली.

२. रीळ फिरू द्यायचं, की स्थिर ठेवून टोकावरून केबल ओढायची?

येवल्याच्या माणसाला हा फरक समजवावा लागत नाही. संक्रांतीला ढील देताना आसारी (मांजाची फिरकी) हातात गरगर फिरते आणि मांजा सरळ सुटतो, हे फिरणारं रीळ. मागाच्या धोट्यातली कांडी जागची हलत नाही, धागा तिच्या टोकावरून वळशा-वळशाने निसटतो, हे स्थिर रीळ.

फिरणाऱ्या रिळात केबलला पीळ पडत नाही, पण रिळाला जडत्व असतं. निम्मी नमुना केबल अजून रिळावर आहे आणि ड्रम साधारण १ किलोचा आहे असं धरलं तर जडत्व ०.०१२ किलो-मीटर वर्गाच्या आसपास येतं. सेकंदाला १ मीटर वेगाने केबल जात असताना वाहन अचानक थांबलं, तर रीळ अर्ध्या फेरीत थांबवायला सुमारे ०.१९ न्यूटन-मीटरचा ब्रेक लागतो. तो ब्रेक कायम लागलेला असेल तर केबलवर कायम १.९ न्यूटन, म्हणजे जवळपास १९५ ग्रॅमचा ताण राहतो. ब्रेक नसेल तर रीळ पुढे धावतं आणि सैल वळसे एकमेकांत अडकतात. पतंगाने गोता मारल्यावर आसारीपाशी जो गुंता होतो, तोच इथे पाण्याखाली होतो.

स्थिर रिळाला जडत्वाची अडचण नाही, वाहन थांबलं की केबल थांबते. त्याची किंमत पिळाने मोजावी लागते (प्रश्न ४).

आमचा कौल असा: वेग सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा कमी, केबल जाड आणि परत गुंडाळायची असेल तर फिरणारं रीळ. केबल बारीक, वेग जास्त आणि रीळ वाहनातच बसवायचं असेल तर स्थिर रीळ.

३. रीळ काठावर ठेवू की वाहनात?

जागा आणि वजन परवडत असेल तर वाहनात. कारण ओढ. रीळ काठावर असेल तर सुटलेली सगळी केबल वाहनाला पाण्यातून फरफटत न्यावी लागते. १०० मीटर नमुना केबल सेकंदाला १ मीटरने तिच्या लांबीच्या दिशेने ओढली, घर्षण गुणांक ०.०१ धरला, तर नुसत्या पृष्ठभागाच्या घर्षणाचं बल ६.३ न्यूटन येतं. त्यात आडवा प्रवाह मिसळला तर हिशेब आणखी बिघडतो: सेकंदाला फक्त २० सेंमीचा प्रवाह ५० मीटर केबलवर काटकोनात आला तरी आणखी ५ न्यूटनच्या आसपास. छोट्या थ्रस्टरचा (वाहन ढकलणाऱ्या पंख्याचा) बराचसा जोर केबल ओढण्यातच जातो.

रीळ वाहनात असेल तर सुटलेली केबल पाण्यात जिथल्या तिथे पडून राहते, वाहन फक्त पुढे सरकतं. समुद्राचं तापमान मोजणारी टाकाऊ एक्सबीटी शलाका याच तत्त्वावर चालते. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन रिळं असतात, एक शलाकेत आणि एक जहाजाकडे. दोन्हीकडून तार सुटत राहते, म्हणून मधली तार पाण्यात जवळजवळ स्थिर असते, आणि सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने खाली जाणाऱ्या शलाकेची बारीक तार तुटत नाही. २००९ मध्ये मरियाना गर्तेत १०,९०२ मीटरवर पोचलेल्या ‘नेरियस’ या वाहनानेही केसासारखा बारीक फायबर (प्रकाशाने संदेश नेणारा काचेचा धागा) असाच सोडत नेला होता.

४. स्थिर रिळावरून सुटताना पीळ नेमका किती पडतो? किंक कधी होते?

साध्या पद्धतीने, म्हणजे रीळ फिरवून गुंडाळलेली केबल टोकावरून ओढली की प्रत्येक वळशामागे पूर्ण एक पीळ. १० सेंमी त्रिज्येचा एक वळसा ६२.८ सेंमीचा, म्हणजे १०० मीटरमध्ये सुमारे १५९ पीळ. दोन्ही टोकं बांधलेली असल्याने ते जाणार कुठे?

ताण पुरेसा असेल तर पिळलेली केबलही सरळ राहते. ताण एका मर्यादेखाली गेला की ती एकदम बाजूला उसळून फास घेते. ही मर्यादा ग्रीनहिलच्या १८८३ च्या सूत्राने निघते: पिळाच्या टॉर्कचा वर्ग करा आणि त्याला वाकण्याच्या ताठरपणाच्या चौपटीने भागा. टॉर्क म्हणजे पिळाचा ताठरपणा भागिले रिळाची त्रिज्या.

नमुना केबल आणि १० सेंमी त्रिज्या: टॉर्क ०.०७ न्यूटन-मीटर, मर्यादा ०.१२ न्यूटन, म्हणजे १२-१३ ग्रॅम. तीच केबल ५ सेंमी त्रिज्येच्या रिळावर: ०.४९ न्यूटन, ५० ग्रॅम. त्रिज्या निम्मी केली की लागणारा ताण चौपट. ‘वाहनात बसावं म्हणून रीळ लहान केलं’ हा निर्णय इथे महागात पडतो. प्रत्यक्षात या मर्यादेच्या तिप्पट ताण हाताशी ठेवा, कारण सूत्र सरळ आणि एकसारख्या केबलसाठी आहे. तुमची केबल रिळावरून वाकडी होऊनच येते.

आता खरी मेख. नमुना केबलचं पाण्यातलं वजन मीटरला जेमतेम १.४ ग्रॅम आहे. ३० मीटर खोल लटकली तर वरच्या टोकाला ४२ ग्रॅम ताण मिळतो, पण तळाशी शून्य. म्हणून किंक बहुधा तळाजवळ होते, आणि माणसं मात्र वर रिळापाशी दोष शोधत बसतात.

५. वाकण्याचा आणि पिळाचा ताठरपणा घरी कसा मोजायचा?

वाकण्यासाठी केबल टेबलाच्या कडेला घट्ट दाबून ३० सेंमी बाहेर काढा आणि टोक किती खाली येतं ते मोजा. मीटरमागचं वजन न्यूटनमध्ये घेऊन त्याला लांबीच्या चौथ्या घाताने गुणा आणि ‘आठ गुणिले खाली येणं’ याने भागा. नमुना केबलचं टोक सुमारे १४ मिमी खाली येतं. केबलला रिळाचा बाक असतोच, म्हणून तिला १८० अंश फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. हे विसरलात तर उत्तर दुप्पट-तिप्पट चुकू शकतं.

पिळासाठी १ मीटर केबल छताला टांगा. खालच्या टोकाला मधोमध एक आडवी पट्टी बांधा, समजा ३० सेंमी लांब आणि १०० ग्रॅम वजनाची. पट्टी थोडी फिरवून सोडा आणि दहा आंदोलनांचा वेळ घ्या. नमुना केबलला एका आंदोलनाला २ सेकंदांच्या थोडं वर वेळ लागेल. आंदोलनाचा काळ दुप्पट झाला तर ताठरपणा चौथाई आहे असं समजा.

पुस्तकातलं गुणोत्तर वापरू नका. भरीव एकजिनसी दांड्यात पिळाचा ताठरपणा वाकण्याच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो, पण विणलेलं कवच किंवा अरामिड धागे असलेल्या केबलला हा नियम लागू नाही.

६. पीळ पडूच नये म्हणून केबल गुंडाळायची कशी?

जशी सोडायची तशीच, पण उलट क्रमाने. रीळ स्थिर ठेवा आणि केबल त्याच्याभोवती फिरवत गुंडाळा. त्यासाठी फिरता हात लागतो, लेथवर तो सहज बसतो. असं केल्याने गुंडाळतानाच प्रत्येक वळशात एक पीळ भरला जातो आणि त्याच टोकावरून सुटताना तो उकलतो. शेवटी उरतो शून्य.

इथे तीन चुका नेहमी होतात. रीळ वाहनात बसवताना उलटं बसवलं, तर पीळ उकलण्याऐवजी दुप्पट होतो, वळशामागे दोन. दुसरी चूक, असं रीळ ‘सोयीसाठी’ फिरवून सोडलं जातं, मग वळशामागे एक पीळ तसाच राहतो. तिसरी, बाहेरून सोडायला गुंडाळलेलं रीळ गाभा काढून आतून ओढलं जातं. आतून ओढताना पिळाची दिशा उलटते.

दुसरा उपाय आठच्या आकड्यात गुंडाळण्याचा. अर्धा वळसा डावा आणि अर्धा उजवा, म्हणून पीळ जिथल्या तिथे मिटतो. लॅन केबलचा ३०५ मीटरचा खोका आठवा. आतली केबल भोकातून सरळ बाहेर येते, खोका फिरवावा लागत नाही. हा प्रकार जागा जास्त खातो, पण शिकाऊ संघाने पहिल्या चाचणीसाठी हाच वापरावा.

खात्री करण्याची पद्धत स्वस्त आहे. गुंडाळण्याआधी केबल जमिनीवर सरळ पसरा आणि तिच्या एका बाजूने ऑइलपेंटची बारीक रेघ ओढा. सोडल्यावर ५ मीटरमध्ये रेघ किती वेळा फिरली ते मोजा.

७. एकदम दहा-बारा वळसे निसटून बाहेर येतात. काय चुकतंय?

थरांची कड कोसळते आहे. प्रत्येक थर खालच्या थराइतकाच रुंद असेल तर कडेच्या वळशांना आधार राहत नाही. थरागणिक दोन-दोन वळसे मागे घ्या, म्हणजे गुंडाळीला उतार येतो. त्यावरही भागत नसेल तर चिकटवण लागतं. पातळ मेणाचा हात, किंवा सहज सुटणारा गोंद अगदी विरळ करून.

चिकटवण जास्त झालं तर उलटी पंचाईत. केबल सुटण्याच्या जागी काटकोनात वाकते, ताणाला दात येतात, आणि फायबर असेल तर सिग्नल पडतो. म्हणून आधी फक्त पाच वळशांचा नमुना करा, एक रात्र पाण्यात ठेवा आणि तराजूच्या काट्याने सावकाश ओढून सुटण्याचं बल पाहा. ते प्रश्न ४ मधल्या मर्यादेच्या वर असावं आणि केबलच्या चालू ताणक्षमतेच्या दहाव्या भागाच्या आत. कोरड्या नमुन्यावर विसंबू नका, ओलं मेण आणि कोरडं मेण वेगळं वागतं.

फिरणाऱ्या रिळाचा दोष वेगळा असतो. तिथे गुंडाळताना ताण कमी ठेवला तर वरचा वळसा ओढीसरशी खालच्या थरात रुततो. गुंडाळण्याचा ताण सुटतानाच्या कमाल ताणापेक्षा किंचित जास्त ठेवा.

८. पाणी कशाला? कारखान्यात हवेत चाचणी केली तर चालणार नाही का?

अर्धी चालेल. पिळाची मोजणी, गाईडच्या कडीत अडकणं, थर कोसळणं हे हवेत दिसतं आणि आधी तिथेच पाहून घ्यावं. ताण आणि वेगाचं नातं मात्र हवेत कळत नाही. टोकावरून सुटणारी केबल रिळाभोवती फिरत असते, सेकंदाला १ मीटर वेगाला आणि १० सेंमी त्रिज्येला मिनिटात सुमारे ९५ फेऱ्या. हवेत ती फुग्यासारखी बाहेर फेकली जाते. पाण्यात तो फुगा दबतो, पण फिरणाऱ्या वळशाला पाणी कापावं लागतं आणि ती ओढ वेगाच्या वर्गाने वाढते.

९. एक-दशांश आकाराची छोटी प्रतिकृती करून टाकीत पाहिलं तर?

नको. लांबी दहापट कमी केली की वेग ३.१६ पट कमी घ्यावा लागतो आणि वाकण्याचा ताठरपणा एक लाख पटीने कमी हवा. इतकी लवचीक केबल मिळत नाही, आणि मिळाली तरी पाण्याचं घर्षण त्या प्रमाणात उतरत नाही. केबल खऱ्या व्यासाची, रीळ खऱ्या मापाचं, वेग खरा ठेवा आणि फक्त लांबी कमी करा. २० मीटरच्या चाचणीतूनही जवळपास सगळं कळतं.

१०. संगणकावर गणित कसं मांडायचं?

केबलचे तुकडे पाडा, प्रत्येक जोडावर वस्तुमान ठेवा, मध्ये स्प्रिंग. प्रत्येक तुकड्यावर पाण्यातलं वजन, आडवी ओढ (गुणांक १.० ते १.२), लांबीच्या दिशेचं घर्षण (गुणांक ०.०१ ते ०.०२) आणि आडव्या हालचालीसाठी सोबत हलणाऱ्या पाण्याचं वस्तुमान. हे सगळं पायथॉनमध्ये दोन-तीनशे ओळींत बसतं. ऑर्काफ्लेक्ससारखं तयार सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच, पण पहिल्यांदा स्वतः लिहिलेलं बरं. चुका कुठे लपतात ते तेव्हाच कळतं.

सुटणारी केबल दाखवायला रिळाजवळचा पहिला तुकडा वेगानुसार वाढवत न्या. तो ठरलेल्या लांबीच्या दीडपट झाला की तिथे नवा जोड घाला. नवा जोड घालताना जुन्याचा वेग आणि ताण दोन्ही पुढे न्या. नाहीतर दर जोडाला खोटा झटका येतो आणि तो खरा समजून लोक रिळाचं डिझाइन बदलतात.

वेळेची पायरी केबलमधल्या ताणलहरीच्या वेगावर ठरते. ताणताठरपणा (लांबीच्या दिशेने ताणलं जाण्याला केबलचा विरोध) २० किलोन्यूटन आणि वजन मीटरला १४ ग्रॅम असेल तर लहर सेकंदाला सुमारे १,२०० मीटर धावते. तुकडा अर्धा मीटरचा असेल तर पायरी ०.४ मिलिसेकंदाच्या आत हवी, ०.२ घ्या. गणित फार रेंगाळत असेल तर ताणताठरपणा दहापट कमी करा. ५ न्यूटन ताणाला केबल तरीही फक्त पाव टक्का ताणली जाते, आणि पायरी तिप्पट मोठी घेता येते.

पहिली तपासणी ही: स्थिर वेगाने टाकलेली केबल पाण्यात सरळ रेषेत तिरकी उतरते, आणि वरच्या टोकाचा ताण म्हणजे जवळपास पाण्यातलं मीटरमागचं वजन गुणिले खोली, मग कोन कितीही असो. वाहन सेकंदाला २० सेंमीने आडवं जात असेल तर नमुना केबल क्षितिजाशी २१-२२ अंशांचा कोन करायला हवी. तुमच्या गणितात ४० येत असतील तर पुढे जाऊ नका.

११. गणितात सगळं सुरळीत, पाण्यात मात्र केबल गुंतते. असं का?

कारण प्रश्न १० मधल्या गणितात पीळ नाहीच. स्प्रिंगांच्या साखळीला किंक माहीत नसते. पीळ धरणारं संपूर्ण दांड्याचं गणित अवघड आहे. सोपा मार्ग असा की साध्या गणितातून दर क्षणी प्रत्येक तुकड्याचा ताण घ्या आणि तो प्रश्न ४ मधल्या मर्यादेशी ताडून पाहा. जिथे खाली गेला, तिथे लाल खूण करा.

दुसरं कारण रिळापाशी असतं. बरेच जण तिथे ताण शून्य किंवा ठरावीक धरतात. तो चाचणीतून घ्यायचा असतो: ताण म्हणजे एक ठरावीक भाग अधिक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा भाग. वेगवेगळ्या वेगांचे ताण वेगाच्या वर्गासमोर मांडले की सरळ रेघ मिळते. रेघ उभ्या अक्षाला जिथे छेदते ते चिकटवणाचं बल, आणि तिचा चढ म्हणजे पाण्याची ओढ.

१२. चाचणीला काय सामान लागतं आणि क्रम काय?

रिळाची चौकट पाण्याखाली किमान अर्धा मीटर. समोर रिळाच्या त्रिज्येच्या तीन ते पाचपट अंतरावर गुळगुळीत गाईड कडी. पुढे ५ किलोच्या लोडसेलवर (बल मोजणाऱ्या सेन्सरवर) बसवलेली बेअरिंगची पुली, आणि मग १२ व्होल्टच्या गिअर मोटरवरचा ओढणारा ड्रम, त्याला फेऱ्या मोजणारा एन्कोडर. लोडसेलचे आकडे वाचायला एचएक्स७११ चिपचा बोर्ड चालतो, पण बहुतेक बोर्ड सेकंदाला १० नोंदींवर जोडलेले येतात. ते ८० वर करून घ्या. १ मीटर वेगाला रीळ सेकंदाला १.६ वळसे सोडतं. १० नोंदींत एका वळशाचे सहाच ठिपके मिळतात आणि शिखर हुकतं.

रीळ आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, मधूनमधून हलवा. थरांत अडकलेली हवा सुटताना वळसे उचलते. बुडबुडे जावेत म्हणून साबण घालायचा मोह होतो, पण त्याने केबलचं घर्षण बदलतं आणि चिकटवणही सुटतं.

लोडसेल ५०, १००, २०० आणि ५०० ग्रॅमच्या वजनांनी जोखा, तेही पुलीवरून केबल घालूनच. पुलीऐवजी स्थिर कडीवरून केबल काटकोनात वळवली आणि घर्षण ०.२ असलं, तर ताण ३७ टक्के जास्त दिसतो. हा फरक रिळाच्या नावावर खपवला जातो.

वेग ०.२५, ०.५, १ आणि १.५ मीटर, प्रत्येकी तीन वेळा. त्यानंतर खरी परीक्षा: पूर्ण वेगात असताना मोटर बंद करा, ३० सेकंद थांबा, पुन्हा झटक्यात सुरू करा. ही थांब-चाल चाचणी किमान दहा वेळा व्हायला हवी, कारण फास ढिल्या क्षणातच पडतो. रिळावर सेकंदाला १२० किंवा २४० चौकटींच्या गतीने फोनचं चित्रण ठेवा.

१३. ताणाच्या आलेखात ठरावीक अंतराने दात दिसतात. बिघाड आहे का?

अंतरावरून ओळखा. दर ६३ ते ७६ सेंमीला दात असेल तर तो एकेक वळसा सुटण्याचा, नैसर्गिक आहे. १० सेंमी रुंदीच्या रिळावर एका थरात २५ वळसे मावतात, म्हणून दर १६ ते १९ मीटरला मोठा दात आला तर तो थर बदलण्याचा. हा सरासरीच्या तिप्पट असेल तर गुंडाळी सुधारा. अंतर अनियमित असेल तर कुठेतरी वळसा वळशावर चढला आहे, चित्रणात शोधा. अंतरावर नाही पण वेळेवर नियमित, सेकंदाला १० च्या आसपास थरथर असेल तर ती केबलमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची. सेकंदाला २० सेंमीच्या प्रवाहात ४ मिमी केबल तशीच थरथरते, आणि त्या थरथरीने आडवी ओढही वाढते.

१४. नाशिकमध्ये हे कुठे करून पाहता येईल?

पहिल्या फेऱ्यांना जलतरण तलाव सर्वांत बरा. पाणी स्वच्छ, चित्रण मिळतं. व्यवस्थापनाची परवानगी आणि बंद वेळ घ्या.

लांबी हवी असेल तर शेततळं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं सिन्नर, चांदवड, निफाडकडे सहज सापडतं आणि प्रवाह नसल्याने आकडे स्थिर येतात. काळजी प्रश्न १५ मध्ये आहे.

गंगापूर धरण शहराचं पिण्याचं पाणी पुरवतं. जलसंपदा विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे काहीही सोडू नका, आणि परवानगी मिळाली तरी पाणी उपसण्याच्या जागेपासून लांब राहा. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना तर विचारच नको. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, ते चाचणीची जागा म्हणून डोक्यातून काढून टाका. गोदापात्रात पानवेली आणि निर्माल्य केबलला गुंडाळतं, तिथली मापं कामाची नसतात.

१५. शेततळ्यात काम करताना काय जपायचं?

तळ्याच्या प्लास्टिक अस्तराचा उतार ओला झाला की त्यावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून सामान उतरवण्याआधी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर काठावरच्या पक्क्या खुंटीला बांधून पाण्यात सोडा. प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट, एकटा माणूस कधीच नाही. वीज फक्त १२ व्होल्टची बॅटरी, २३० व्होल्टची वायर तळ्याच्या बांधावरही नको. रिळाची चौकट थेट अस्तरावर ठेवू नका, कोपरा टोचला तर शेतकऱ्याचं वर्षभराचं पाणी जातं. खाली जुनं टायर घाला.

१६. पंपाची चपटी केबल स्वस्त पडते. ती वापरू का?

फिरणाऱ्या रिळावर खुशाल. स्थिर रिळावर नाही. चपटी केबल एका अक्षात सहज वाकते, दुसऱ्यात नाही, त्यामुळे पीळ पडला की ती रिबनसारखी गुंडाळत जाते आणि प्रश्न ४ चं सूत्र तिला लागू पडत नाही. साधी लॅन केबल पाण्यात चालते, पण कवचाला चीर गेली की पाणी आतून टोकापर्यंत चढतं. शिवाय तिची १०० मीटरची मर्यादा रिळावर उरलेल्या लांबीसकट मोजायची असते.

१७. फायबर वापरला. सुटताना सिग्नल पडतो आणि मग परत येतो. का?

सुटण्याच्या जागी तो मर्यादेपेक्षा जास्त वाकतो आहे. जी.६५२ प्रकारच्या फायबरला ३० मिमी त्रिज्येखाली वाकवायचं नसतं. जी.६५७.ए१ ला १० मिमी आणि ए२ ला ७.५ मिमी चालतं. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर वाकण्याचा तोटा १३१० पेक्षा जास्त दिसतो, म्हणून दोन्हींवर मोजा. फक्त १५५० वर पडत असेल तर दोष वाकण्याचा. दोन्हींवर सारखा पडत असेल तर जोड किंवा तडा तपासा.

उघडा २५० मायक्रॉनचा फायबर किलोमीटरला हवेत ७० ग्रॅम आणि पाण्यात २० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यामुळे रीळ हलकं होतं. पण कारखान्यात तो साधारण १ टक्का ताणावर, म्हणजे सुमारे ९ न्यूटनवर तपासलेला असतो. रोजच्या वापरात त्याच्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ नका.

१८. जानेवारीत नीट चाललेलं रीळ मेमध्ये बिघडलं. हवामानाचा संबंध असतो का?

असतो, आणि उलटही होतं. निफाडकडे पारा एक आकडी झाला की पीव्हीसी कवच ताठ होतं, रिळाचा बाक सुटत नाही आणि ढिल्या क्षणी केबल स्प्रिंगसारखी उभी राहते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेलं रीळ तापून थर एकमेकांना चिकटतात, मेण वितळून एका बाजूला उतरतं. पाण्याची चिकटाईही १० अंशांना १.३१ आणि ३० अंशांना ०.८० मिलिपास्कल-सेकंद असते. पाण्याचं तापमान प्रत्येक नोंदीसोबत लिहा. पॉलियुरेथेन कवच थंडीत पीव्हीसीपेक्षा बरं.

१९. वाहन मागे वळून आपल्याच केबलवरून आलं तर?

स्थिर रिळाची ही सर्वांत वाईट अवस्था, कारण वाहनातलं रीळ केबल परत घेत नाही. मागे येण्याऐवजी मोठं वर्तुळ घेऊन वळायला चालकाला शिकवा, आणि केबलची बाहेर पडण्याची कडी थ्रस्टरपासून लांब, वाहनाच्या मागच्या टोकाला ठेवा. मागे येणं टळणारच नसेल तर पाण्यात किंचित तरंगणारी केबल निवडा, म्हणजे सैल भाग थ्रस्टरच्या वर जातो. पण विहिरीत किंवा पुलाखाली तरंगणारी केबल छताला अडकते, तिथे किंचित बुडणारीच बरी.

२०. एकदा सोडलेली केबल परत गुंडाळून वापरता येते का?

फिरणाऱ्या रिळाची, हो. स्थिर रिळाची असेल तर आधी पूर्ण सरळ पसरा, प्रश्न ६ मधली रेघ पाहून उरलेला पीळ काढा, बोटांतून सरकवत प्रत्येक मीटर तपासा आणि मगच पुन्हा फिरत्या हाताने गुंडाळा. किंकची खूण दिसली, म्हणजे कवचावर पांढरट आडवी रेघ किंवा बोटाला लागणारा उंचवटा, तर तिथून केबल कापा. सरळ केलेली किंक पुढच्या वेळी त्याच जागी, आणि कमी पिळाला पडते. उघडा फायबर पुन्हा वापरू नका, पण तो तळ्यात किंवा धरणातही सोडून येऊ नका. जाळ्यांत, पक्ष्यांच्या पायांत आणि पंपांच्या फुटव्हॉल्व्हमध्ये तो बरोब्बर जाऊन अडकतो, म्हणून ओढून घ्यायला चाचणीनंतरचा अर्धा तास वेगळा राखून ठेवा.